येऊन राहिलो

१

सकाळी आठची बस. मोहगावच्या पुढे फाट्यावर उतरायचं, संत्र्यांच्या बागांमधून पाऊण किलोमीटर पायी चालायचं, की जलाशयाचा घाट. घाटावर नावाडी दादाजींचा डोंगा उभा असतो आणि पलीकडच्या वस्तीवर माझी शाळा. रस्त्यानेही जाता येतं, पण रामाकोन्याकडून एवढा वळसा पडतो की मी पोहोचेपर्यंत पोरं घरी निघालेली असतील. म्हणून सहा वर्षं मी पाण्यावरून नोकरी करते. गणित आणि विज्ञान शिकवते.

मी मूळची गुहागरकडची. वडील दाभोळच्या खाडीत तरीवर होडी चालवायचे, त्यामुळे पाण्याचं मला कौतुक नाही आणि भीतीही नाही. लग्न होऊन पांढुर्ण्याला आले, पुढे नवऱ्याच्या तहसील कचेरीतल्या बदलीमुळे सौसरला. समुद्रापासून इतक्या लांब येऊन मी पुन्हा होडीतच बसणार आहे, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर हसले असते.

दादाजींचा डोंगा म्हणजे पत्र्याची बारा फुटांची नाव आणि तिला मागे शेतातल्या पंपाचं इंजिन. नाकावर रंगाने ‘पवनपुत्र’ लिहिलं आहे. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. आठवड्यातून दोनदा तरी तो मधेच बंद पडायचा. कधी पंख्यात मासेमारीचं जाळं अडकायचं, कधी डिझेलमध्ये पाणी निघायचं, कधी ओढायची दोरीच दादाजींच्या हातात यायची. मग दादाजी उभे राहून हाक मारायचे आणि काठावरून कुणीतरी ओ द्यायचं, “येऊन राहिलो!” बागेतलं काम टाकून माणूस यायचा, दोर टाकून आम्हाला ओढत न्यायचा आणि वर माझ्या पदरात चार संत्री घालायचा. एकदा एका आजोबांनी आपलं धोतर फाडून दोर केला होता. मी ते परत द्यायला गेले तर आजोबा रागावले.

या पाण्यावरचा एक नियम मला पहिल्याच वर्षी कळला. हाकेला ओ मिळाली की ओ देणारा येईपर्यंत जागचं हलायचं नाही, मधेच इंजिन चालू झालं तरीही. तो हातातलं टाकून निघालेला असतो. तो येऊन पाहतो तर पाणी रिकामं, याच्याइतकी वाईट गोष्ट दादाजींच्या हिशेबात दुसरी नव्हती.

२

नोव्हेंबरातली गोष्ट. दिवाळीची सुटी संपून शाळा नुकती सुरू झाली होती. दुपारी साडेतीनला आम्ही परत निघालो. ऊन स्वच्छ होतं, वारा नव्हता. जलाशयाच्या मध्यावर, जिथे बुडालेल्या आमराईचे वाळके शेंडे पाण्याबाहेर उभे आहेत, तिथे इंजिन दोनदा खोकलं आणि थांबलं.

दादाजींनी शेंड्यांच्या दिशेने हाक मारली. “ओ भाऊ, दोर आहे काय?”

“येऊन राहिलो.”

लगेच उत्तर आलं. पुरुषाचा आवाज होता, मध्यम वयाचा, घाई नसलेला. दादाजी समाधानाने बसले. मी पिशवीतून वह्या काढल्या आणि तपासायला घेतल्या. सात वह्या झाल्या तरी कुणी आलं नाही. आठवीच्या वेळी दादाजींनी सहज म्हणून दोरी ओढली, तर इंजिन पहिल्या झटक्याला चालू झालं. मी वह्या आवरल्या. पण दादाजींनी इंजिन पुन्हा बंद केलं.

“थांबा मॅडम. तो निंगाला असन ना.”

आम्ही थांबलो. माझी साडेचारची बस गेली. शेंड्यांमधून ना वल्ह्याचा आवाज, ना पाण्याचा. शेवटी दादाजींनी हात तोंडाशी धरून ‘काम झालं, परत जा’ असं तीन वेळा ओरडून सांगितलं. तिन्ही वेळा त्याच आवाजात उत्तर आलं, की येऊन राहिलो. घाटावर पोहोचेपर्यंत दादाजी मागे वळून शेंड्यांकडे पाहत होते. आपल्यामुळे कुणाचा तरी हेलपाटा झाला, हे त्यांना लागलं होतं.

३

दुसऱ्या दिवशी त्या जागेवर इंजिन बंद पडलं नाही, दादाजींनीच ते बंद केलं. काल अर्धवट राहिलं होतं ना, म्हणाले. या वेळी हाक मारली नव्हती. तरी आवाज आला.

मी विज्ञान शिकवते, त्यामुळे घाबरायच्या आधी कारणं शोधायची सवय आहे. प्रतिध्वनी म्हणावा, तर तो आपलेच शब्द परत करतो, दुसऱ्याचे नाही. शेंड्यांमागे कुणी जाळं लावून बसलं असेल आणि थट्टा करत असेल, असंही धरून चालले. मी मोठ्याने विचारलं, कोण आहे? उत्तर तेच. विचारलं, किती वेळ लागेल? तेच. मग मला एक गोष्ट खटकली आणि ती त्या दिवसापासून डोक्यातून गेली नाही. येणाऱ्या माणसाचा आवाज जवळ जवळ येतो. हा येत नव्हता. पहिल्या दिवशी जेवढा होता तेवढाच दुसऱ्या दिवशी, तेवढाच तिसऱ्या दिवशी. कुठून येतो ते नेमकं बोट दाखवून सांगता येत नव्हतं.

घाटावर दादाजींनी चौकशी केली. आमराईकडे कुणी जात नाही, तिथे खुंट लागून जाळी फाटतात, असं सगळे म्हणाले. कुणाची नाव कमी नव्हती, कुणाच्या घरचा माणूस कमी नव्हता. दादाजींचं मत साधं होतं. बिचाऱ्याकडे इंजिन नसेल, वल्हं मारत येत असेल, वेळ लागतो. चार दिवस? मी विचारलं. त्यावर ते म्हणाले की कुणाला चार दिवसही लागतात. असल्या उत्तरापुढे आर्किमिडीजनेही हात टेकले असते.

४

आर्किमिडीज उगीच आठवला नाही. दादाजींनी दिवाळीत डोंग्याला बाहेरून लाल पट्टी ओढली होती. आम्ही दोघं बसलो की ती पाण्याच्या चार बोटं वर राहायची. येता-जाता बोटं पाण्यात बुडवायची मला लहानपणापासून खोड आहे, म्हणून ते माप मला पाठ होतं.

चौथ्या दिवशी परतीच्या वाटेवर पट्टी अडीच बोटांवर होती.

मी तळाची फळी उचलून पाहिली. आत पाणी साचलं नव्हतं. सामान काहीच नव्हतं, शाळेचा तांदूळ आदल्या आठवड्यातच पोहोचवला होता. डोंगा किंचित पुढे आणि उजवीकडे कललेला होता, म्हणजे पुढच्या फळीकडे. दादाजी मागे इंजिनापाशी, मी मधल्या फळीवर. पुढच्या फळीवर कुणीच नव्हतं. मी डावीकडे सरकून बसले तसा डोंगा सरळ झाला. समोरच्याचं वजन पाहून आपण सरकायचं, हे वडिलांनी शिकवलेलं अंगात इतकं मुरलं आहे, की मी कुणासाठी सरकले हे माझ्या लगेच लक्षात आलं नाही.

घरी येऊन वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. डोंग्याची लांबी, रुंदी आणि दीड बोट पाणी. उत्तर पंच्याहत्तर ते ऐंशी किलो आलं. ते पान मी फाडलं, मग शहाण्यासारखं पुन्हा हिशेब केला. उत्तर बदललं नाही.

५

नवरा, मोरेश्वर, चांगला माणूस आहे, पण कुठल्याही गोष्टीचा त्याला किस्सा करायचा असतो. मी आवाजाचं सांगितलं तर त्याला लगेच आमच्या साखरपुड्याचा किस्सा आठवला. रात्री जेवणं चालली होती आणि शेजारचे वामनराव काही कामाने आले होते, म्हणजे श्रोताही तयार होता.

किस्सा असा. साखरपुड्यासाठी निघताना सासऱ्यांनी पांढुर्णा स्टेशनवरून आमच्या गावात फोन केला आणि सांगितलं, “आम्ही येऊन राहिलो.” या भागात त्याचा अर्थ एवढाच, की आम्ही येत आहोत. माझ्या वडिलांना हे काय ठाऊक? त्यांनी ऐकलं ते असं, की पाहुणे आले, आणि राहिलेसुद्धा. त्यांना अपमान वाटला. आमच्या गावात येऊन दुसऱ्याच्या घरी उतरले? मग ते टोपी घालून निघाले आणि दोन तास गावातल्या एकेका दारात जाऊन विचारत होते, “आमचे पाहुणे कुणाकडे राहिलेत?” पाहुणे तेव्हा पांढुर्ण्याच्या फलाटावर चहा पीत होते.

वामनराव पोट धरून हसले. मीही हसत होते, हा किस्सा मी शंभरदा ऐकला आहे. हसता हसता माझा हात ताटात थांबला.

दादाजी या मातीतले. त्यांना ‘येऊन राहिलो’ एकाच अर्थाने ऐकू येणार. कुणीतरी येतो आहे, म्हणून ते थांबत होते. मी मात्र वडिलांच्या कानाने ऐकलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. तो येतो असं म्हणत नव्हता. आलो, आणि राहिलो, असं सांगत होता. आवाज जवळ येत नव्हता, कारण यायला अंतरच उरलं नव्हतं.

आणि कुणाकडे राहिला, ते लाल पट्टीवर दिसत होतं.

६

सकाळी मी दादाजींना घाटावर बाजूला घेऊन सगळं सांगितलं. पट्टी दाखवली. पलीकडच्या काठाला दोघं उतरलो तेव्हा रिकामा डोंगा किती वर आला तेही दाखवलं. रिकामा असताना पट्टी सात बोटं वर असायला हवी. ती साडेपाचवर थांबली होती. मला वाटलं होतं की दादाजी घाबरतील, डोंगा सोडून देतील, निदान पूजा तरी घालतील. त्यांचं तोंड उतरलं, पण ते भीतीने नाही.

“पाच दिवसांपासून मानूस बसून आहे,” ते म्हणाले, “अन् आपन त्याले पानी नाही पुसलं.”

त्या दुपारी परत येताना त्यांनी बाटलीतून स्टीलच्या पेल्यात पाणी ओतलं आणि पुढे जाऊन फळीवर ठेवलं. मी नाइलाजाने तिकडे पाहिलं. सगळा डोंगा उन्हाने तापला होता, पत्र्याला हात लावता येत नव्हता. पुढची फळी मात्र एका जागी ओली होती, माणूस बसतो तेवढ्याच जागेत. घाट येईपर्यंत ती वाळली नाही. पेल्यातलं पाणी कमी झालं का, ते मी पाहिलं नाही. तेवढं माझ्याने झालं नाही, हे सरळ कबूल करते.

उतरल्यावर दादाजी म्हणाले की उद्या रविवार आहे, उद्या त्याला सोडून येतो. कुठे सोडणार? जिथून निघाला तिथे. त्याच्याही घरचे वाट पाहत असतील.

मी जाऊ नका म्हटलं. समजावलं, रागावले, शेवटी हात जोडले. माझ्या वडिलांना पाण्याने नेलं नाही, ते अंथरुणात गेले, पण त्या क्षणी मला वाटत होतं की वडीलच समोर उभे आहेत आणि मी त्यांना अडवू शकत नाही. डोंगा इथेच ठेवा, मी वरच्यांना अर्ज करते, दुसरी नाव मागवू, असं काय काय बोलले. दादाजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“हाक आपन मारली होती, मॅडम,” ते म्हणाले.

केसरबाई म्हणजे त्यांची बायको. तिला जाऊन सांगावं असं मनात आलं, पण काय सांगणार? तुमच्या डोंग्यात दीड बोट जास्त पाणी कापलं जातंय म्हणून? मी बस पकडून घरी आले. त्या दिवशी मी बस सोडायला हवी होती.

७

रविवारी मोरेश्वरला काहीतरी थाप मारून मी घाटावर गेले. पोहोचले तेव्हा दुपारचे बारा वाजत आले होते आणि डोंगा निघून बराच पुढे गेला होता. नाक पाण्याकडे झुकलेलं लांबूनही ओळखू येत होतं. दादाजी मागे बसून हातवारे करत बोलत होते, पाहुण्याशी बोलतात तसे. आमराईच्या शेंड्यांपाशी इंजिन थांबलं.

मी हाक मारली. खरं सांगायचं तर मोठ्याने मारायची छाती झाली नाही, कारण उत्तर कोण देईल याची खात्री नव्हती.

किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. घड्याळ हातात होतं, पण मी पाहिलं नाही. डोंगा एकदा उजवीकडे खूप कलला, जणू कुणी कडेवर पाय देऊन उतरावं तसा. मग सरळ झाला. मग पुन्हा कलला, तितकाच. पुन्हा सरळ झाला. दोन्ही वेळा दादाजी मला मागे इंजिनापाशी बसलेलेच दिसत होते.

इंजिन सुरू झालं आणि डोंगा परत आला. दादाजी हसत होते. सोडून आलो, म्हणाले, लई भला मानूस. मला एवढं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. दादाजींनी दोर काठावर फेकला, मी तो खुंटाला बांधला. मग सवयीने वाकून पट्टीपाशी बोटं लावली.

सात.

दादाजी अजून डोंग्यातच बसले होते. ते उठले, कडेवर पाय ठेवला आणि घाटावर उतरले. डोंगा हलला नाही. मी बोटं तशीच धरून होते. पट्टी सातवर होती, ती सातवरच राहिली.

८

त्यानंतर तीन दिवस मी रजेवर होते. चौथ्या दिवशी जावंच लागलं, कारण परीक्षा होती. दादाजी वेळेवर हजर होते. पूर्वीसारखेच बोलतात, पूर्वीसारखंच माझ्या पोरांचं विचारतात. हिवाळ्यात माझ्यासाठी संत्री आणून ठेवायचे. तेव्हापासून इंजिन एकदाही बंद पडलेलं नाही.

तपासून पाहायचं मी बंद केलं आहे. पाण्यात बोटं घालत नाही.

डिसेंबरच्या सुरुवातीला केसरबाई घाटावर आली. दादाजी डिझेल आणायला गेले होते, ती वेळ बघूनच ती आली असावी. हातात तीन पुडांचा डबा होता. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली, कापूस, सुनेचं बाळंतपण. सुनेचं नाव डिंपल, तिला सातवा लागला होता. मग डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे न बघता बोलली.

“तीस साल झाले, बुढा बसला का खाट कुरकुरे. आता नाही वाजत, मॅडम. मी दोर ढिले करून पाह्यले, तरी नाही वाजत.”

तेव्हाच मी बोलायला हवं होतं, की हे माझ्यामुळे झालं, मीच त्यांना सांगितलं तो कुठे बसला आहे ते. मी सांगितलं नसतं तर ते अजून वाट बघत बसले असते, एवढंच. तिने ओळखलं असावं. तिने माझा हात धरला. तिचा हात गरम होता.

“डबा भरल्याचा भरला वापस येते. डिंपल पाहून राहिली, ती पुसते मले. तो डबा रिकामा आला पायजे.” मग म्हणाली, “कोनाले काही सांगू नका. बुढा रोज घरी येऊन राहिला ना. मले तेवढं पुरते.”

तिने ते कोणत्या अर्थाने म्हटलं, हे विचारायचा मला अधिकार नव्हता. दादाजी डिझेलचा डबा घेऊन येताना दिसले, तशी ती पदर सावरून उभी राहिली आणि त्यांच्याशी दोन शब्द बोलून बागेच्या वाटेने निघून गेली.

आता एप्रिल चालू आहे. सकाळी दादाजी डबा माझ्याकडे देतात, मी तो शाळेत नेते आणि मधल्या सुटीत वर्गाचं दार लोटून खाते. ज्वारीची भाकरी, वांगं किंवा बरबटीच्या शेंगांची भाजी, कधी झुणका. भाकरी जाड असतात आणि भाजी माझ्या जिभेला फार तिखट, पण शेवटच्या घासापर्यंत संपवते. मग डबा शाळेच्या हापशावर धुते आणि परतीच्या वेळी दादाजींच्या हातात देते. ते तो हलवून पाहतात आणि रोज तेच म्हणतात, की आज चांगलं जेवण झालं.